पायरीची धूळ

गावच्या देवळात भजनाचा पहिला सूर नागोबुवांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. सोमवारच्या भजनात हौसाने तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत सगळ्यांबरोबर म्हटले, "देवा, माझ्या घरचे दूध तुझेच रे."

दुसऱ्या दिवशी बुवा तांब्या घेऊन दारात हजर!

"हौसे, काल देवासमोर कबूल झालीस. आजपासून शेळीचं सगळं दूध देवळात यायला हवं."

हौसाच्या घरात एकच शेळी, आणि लेक त्याच दुधावर वाढत होती.

"अहो बुवा, ते गाणं होतं. पोरीनं प्यायचं काय?"

"देवासमोर गायलं ते खरं करायचं!"

"बरं. उद्या देऊळ झाडायची पाळी माझीच आहे, तेव्हा येते."

सकाळी बुवा चार माणसांत बसून, डोळे मिटून आपले आवडते पद आळवत होते, "देवा, मी तुझ्या पायरीची धूळ..." तेवढ्यात हौसा आली. कडेवर लेक, हातात केरसुणी. ती थेट बुवांच्या मांडीवरच केरसुणी फिरवू लागली.

"अगं अगं, हे काय?"

"तुम्ही धूळ आहात ना? आत्ताच देवासमोर म्हणालात. सुपलीत बसता, की उकिरड्यापर्यंत लोटत नेऊ?"

सगळे देऊळ खदखदून हसले. बुवा धोतर सावरत उठले. "हौसे, ते गाणं होतं गं!"

"मग माझं काय होतं, बुवा?"

बुवांनाही हसू आवरेना. दूध लेकीचे लेकीलाच राहिले. बुवा ते पद अजून गातात, फक्त हौसाची पाळी नसेल त्या दिवशी.