राजाने बुडू न दिलेली घटका

एका राज्यात, ज्याचं नाव सांगणाऱ्यालाही कुणी सांगितलं नाही, भानुकीर्ती नावाचा राजा राज्य करीत होता. त्या राज्यात काळ पाण्याने मोजत. पाणी भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची, वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका भरली. मग राखणदार सोमाजी काशाच्या थाळीवर टोला देई आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवी. त्या टोल्यावर नगर उठे, जेवे, लग्नं लावी आणि मेलेल्याला उचली.

राजाच्या घरी फार उशिरा पाळणा हलायचा योग आला. राणी सुवर्चलेला कळा सुरू झाल्या त्या ऐन तिन्हीसांजेला. राजज्योतिषी त्रिविक्रमशास्त्र्यांनी बोटं मोजली आणि मान खाली घातली.

"महाराज, चालू घटका शुभ आहे. हिच्या मागून येणारी नाही. तीत जन्मलेलं मूल बापाच्या मुळावर येईल."

"सुईण काय म्हणते?"

"या घटकेत सुटका नाही म्हणते."

राजा भित्रा नव्हता. पण रणात मरण समोरून येतं, इथे ते वाटीतल्या पाण्याबरोबर हळूहळू वर चढत होतं. राज्याला राजा हवा, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस भ्याला की त्याला राज्याची फार काळजी वाटू लागते. त्याने धूम्रकेश मांत्रिकाला बोलावणं धाडलं.

"वाटी बुडू द्यायची नाही, एवढंच ना?" मांत्रिक म्हणाला. "भोकात लाखेचा मणी बसवतो. पण तो एकाच माणसाच्या हाताने निघेल. देव काळाच्या आत आहे की बाहेर, हे जो जाणून येईल, त्याच्या."

"ते पुढचं पुढे," राजा म्हणाला.

मांत्रिकाने राजाच्या मनगटाला काळा दोरा बांधला, पाण्यात हात घातला आणि मणी बसवला.

समयांच्या ज्योती जागच्या जागी उभ्या राहिल्या. सूर्य डोंगराआड अर्धाच गेला. घरट्याकडे निघालेले पोपट आभाळात टांगल्यासारखे राहिले. खुद्द मांत्रिकही पाण्यात हात घालून हसत तसाच थिजला, कारण राजाला दोरा बांधण्याच्या गडबडीत तो स्वतःचं मनगट विसरला होता.

राजा बाळंतिणीच्या खोलीत गेला. राणीचं तोंड उघडं होतं. किंकाळी अर्धी बाहेर पडली होती, अर्धी आत होती. कपाळावरचा घामाचा थेंब भुवईशी येऊन थांबला होता. राजाने तिचा हात धरला तर तो ऊन होता. ती मेली नव्हती, ती त्या एका कळेत जिवंत अडकली होती. मग राजाला कळलं आपण काय केलं ते. घाटात एक गाडी अडली की मागच्या साऱ्या अडतात. वाईट घटका अडवली, तिच्या मागची चांगलीही मागेच राहिली. त्याने मण्याला नखं लावली. नखं तुटली, मणी हलला नाही.

तो देवळात धावला. पुजाऱ्याच्या हातातला कापूर न विझता, न जळता उभा होता.

"देवा," राजा म्हणाला, "तू काळाच्या आत असशील, तर तूही थिजलास. बाहेर असशील, तर माझी हाक तुला ऐकू येणार कधी? तिथे आधी नाही आणि नंतरही नाही."

उत्तर आलं ते वेशीवरच्या वाळल्या झाडावरून. तिथे वेशीबाहेर झुकलेल्या फांदीवर एक पिंगळा, लहानसं घुबड, बसला होता.

"राजा, इथे कुणाला विचारतोस? तीन ठिकाणी जा. आधी नदीवर, मग डोंगरावर. तिसरं ठिकाण तू परत आलास की सांगेन."

राजा वेशीबाहेर पडला. काळ थिजला होता तो वेशीच्या आतच; बाहेर दिवस उगवत होते, मावळत होते. किती उन्हाळे गेले ते त्याने मोजले नाहीत. दोऱ्यामुळे त्याचा एक केसही पिकला नाही.

नदीकाठी एक देव राहत होता. पहाटे तो तान्हं मूल असे, दुपारी तरणा, संध्याकाळी म्हातारा, आणि पहाटे पुन्हा मूल. राजाने त्याला आपली कथा सांगितली तेव्हा तो म्हाताऱ्या डोळ्यांनी रडला.

"माझ्या राणीला सोडवा."

"तू चालशील तिथे मी चालतो. तू रडशील तेव्हा रडतो. पण थांबल्या जागी मला पाऊल टाकता येत नाही."

राजाला त्याची माया वाटली. पण मायेने मणी निघणार नव्हता. तो डोंगर चढला.

डोंगरावरच्या गुहेत कशाचीच सावली पडत नव्हती. आत पापण्या नसलेला देव बसला होता आणि त्याच्यापुढे सगळं एकदमच मांडलेलं होतं. झोपाळ्यावरची लहान सुवर्चला होती, कळेत अडकलेली सुवर्चला होती. जवळच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा तान्ही मुलगी घेऊन बसला होता आणि शेजारी तोच म्हातारा मरून पडला होता. राजाने त्याच्या गालावरचा जुन्या वाराचा व्रण पाहिला. स्वतःच्या गालावरचा व्रण कोण ओळखणार नाही?

"सोडवा," तो म्हणाला. पण आपण हे आधीच म्हटलेलं आहे, कायमच म्हणत आहोत, असं त्याला वाटलं. देवाचे ओठ हलले नाहीत. उत्तर राजाच्या मनात होतंच, जणू ते तिथे नव्हतं असं कधी झालंच नव्हतं.

"इथे काही अडकत नाही. म्हणून इथे काही सुटतही नाही."

राजा परत फिरला. वेशीवर पिंगळा तसाच बसला होता.

"तिसरं ठिकाण?"

"तुझ्याच घरी. घंगाळापाशी. पण ऐकून जा. अडवलेला काळ कुठे जात नाही, साचतो. मणी काढील त्याच्याच अंगावर तो येतो."

"ते मी पाहून आलो," राजा म्हणाला.

तो घंगाळाशी बसला आणि बराच वेळ वाटीकडे पाहत राहिला. वाटीत पाणी होतं, वाटीबाहेर पाणी होतं. आत आणि बाहेर हा भेद वाटीचा. पाणी एकच.

"नदीवरचा आणि डोंगरावरचा देव वेगळे नाहीत," तो हळूच म्हणाला. "तो आत आहे आणि बाहेरही आहे. ज्या वाटेने तो बाहेरून आत येतो, तिथेच मी मणी बसवला. भीतीपायी."

त्याने हात घातला. मणी पिकल्या बोरासारखा हातात आला.

पोपट उडाले. सूर्य बुडाला. वाटी बुडाली आणि सोमाजीने टोला दिला. मांत्रिकाचं हसू तोंडावरच मावळलं आणि तो मागच्या दाराने पळाला. आतून राणीची उरलेली किंकाळी आली आणि तिच्यामागून तान्हं रडणं.

राजा खोलीत गेला तो भिंत धरत धरत, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होऊन. राणीने वर पाहिलं, चपापून पदर डोक्यावर ओढला आणि मुलीला छातीशी धरलं. तिचे सासरे जाऊन वर्षं झाली होती.

"मामंजी, तुम्ही?"

"मी आहे, सुवर्चले."

तिने हात पुढे केला आणि त्याचा हात धरला. कळेत धरलेला हात ती विसरली नव्हती. तिने मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः त्याला टेकून बसली. राजाने मुलीची बोटं पाहिली, कान पाहिले, जावळ हुंगलं. त्याला भीती वाटत होती, आणि तरी इतका सुखी तो कधी झाला नव्हता. बाहेर वाटीत पाणी चढत होतं. वाटी काठोकाठ आली तेव्हा त्याची मान राणीच्या खांद्यावर पडली.

वाटी बुडाली. दाराशी सोमाजी मोगरी उचलून उभा राहिला. धनी गेलेले त्याने पाहिले होते. त्याचा हात खाली येईना.

"बाईसाहेब, देऊ कसा?"

राणीने राजाचे डोळे मिटले. मुलगी भुकेने रडू लागली होती, तिला तिने पदराखाली घेतलं.

"दे सोमाजी," ती म्हणाली. "आता अडवू नकोस."

सोमाजीने टोला दिला, वाटी रिकामी केली आणि पाण्यावर ठेवली. ती मुलगी पुढे राणी झाली आणि तिच्या राज्यात बाळंतिणीच्या दारात घटका विचारायची चाल उरली नाही. तिच्या घटका सुखाने भरल्या, तशा ऐकणाऱ्यांच्याही भरोत.