कोंडाजीचा उतार

पावसाळा सोडला तर नदी इथे गुडघ्याएवढीच असते, म्हणून याला उतार म्हणतात. मध्ये शेंदूर लावलेला खडक दिसतो ना, तो कोंडाजी गुरवाचा. आमच्या हिंगणदऱ्यात मतं मागायला येणाऱ्याने त्या खडकापाशी पाण्यात उभं राहून बोलायचं, अशी रीत आहे. काठावरून बोललेलं कोणी ऐकत नाही. तुम्ही पाहुणे, तुम्हाला पाण्यात उभं करणार नाही. बसा, सांगतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. गाव तेव्हाही असंच नदीने दोन भागांत कापलेलं. अलीकडचे पुढारी बापूसाहेब खेत्रे, पलीकडचे रंगनाथराव सुकाळे. चळवळीत दोघं एकाच कोठडीत राहिले, एका ताटात जेवले, असं सांगतात. सुटून आले आणि एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहीनात. पूल मंजूर झाला, पण भूमिपूजनाचा नारळ कोणत्या काठावर फुटायचा आणि कोणी फोडायचा, यावर दोन वर्षं अडून राहिला. इंजिनिअर यायचा, दोन्हीकडे चहा प्यायचा आणि परत जायचा.

कोंडाजी भैरोबाचा पुजारी. घर अलीकडे, एकुलती एक लेक पलीकडे दिलेली. त्या श्रावणात ती तापाने फणफणली. डॉक्टर अलीकडे आणि नदी दुथडी भरलेली. चार दिवस कोंडाजी काठावर बसून होता. पाचव्या दिवशी त्याला पलीकडच्या मसणवटीत धूर दिसला.

नवरात्राच्या पहिल्या माळेला तो पाण्यात शिरला म्हणे, आणि त्या खडकाला टेकून उभा राहिला. नवस बोलला तो देवाला नाही, पुढाऱ्यांना. "दोघं बी पाण्यात या. माझ्या म्होरं एकच नारळ फोडा. तवर म्या भाईर येत न्हाई."

तिसऱ्या दिवशी दोघं आले. हातात नारळ, मागे अर्धं-अर्धं गाव. बापूसाहेबांनी जोडे काढले, रंगनाथरावांनी धोतर खोचलं, आणि दोघंही आपापल्या काठावरच थांबले. आधी उतरेल तो नमला, असं दोघांच्याही मनात. इथे लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात परतीचा पाऊस कोसळला होता. पाणी गढूळ झालं. कोंडाजीच्या कमरेला आलं, मग छातीला. या काठावरून ओरडत होते, आधी तुमचे उतरू द्या. त्या काठावरूनही तेच.

माझे वडील इथे बापूसाहेबांच्या मागे उभे होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा पोहणारा नव्हता. हे मी 'म्हणे' लावून सांगत नाही. ते उतरले नाहीत. म्हातारपणी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बापूसाहेब उतरलं न्हाईत, मग मी कसा म्होरं जाऊ?" मला त्या उत्तराची अजून लाज वाटते. बाप होता म्हणून गिळली.

कोंडाजी ओरडला नाही, असं सांगतात. एकदा या काठाकडे बघायचा, एकदा त्या काठाकडे. मग दिसेनासा झाला.

शोकसभा मात्र दोन झाल्या. अलीकडच्या सभेत बापूसाहेब हमसून रडायला लागले, तशी कोंडाजीची बायको ठकूबाई उठली. "हितं कोरड्यात नगा रडू. तितं त्येच्याजवळ जाऊन रडा." तिथून ही रीत पडली. पुढच्या निवडणुकीत दोघंही निवडून आले, एक विधानसभेवर, एक लोकल बोर्डावर. पूल खाली आठ मैलांवर झाला. तिथे नारळावरून भांडणारं कोणी नव्हतं.

आजही उमेदवार येतात. बहुतेकदा उन्हाळा असतो, पाणी घोट्याएवढं. पँट दुमडून उतरतात, खडकाला हार घालतात, फोटो काढून घेतात आणि पुलाचा शब्द देतात. गेल्या खेपेला दोघे एकाच दिवशी आले, आणि आधी कोणी उतरायचं यावरून दुपारपर्यंत दोन्ही काठांवर अडून राहिले. गावही उन्हात तसंच बसलं होतं, ज्याच्या त्याच्या माणसामागे. मीही बसलो होतो.