कलाकाराचा रकाना

“पण तिन्ही कॉम्प्युटरवर एकच लिनक्स का नाही ठेवलंत, बुवा?”

स्नेहल पोतनीस मठाच्या ओसरीवर उभी राहून विचारत होती. खांद्यावरची बॅगही अजून खाली ठेवली नव्हती.

बुवा शेंगा सोलत होते. “ज्यानं दिला, त्यानं आपल्या हातानं काय ते घालून दिला.”

“म्हणजे?”

“शाळेच्या मास्तरांनी दिला त्यात डेबियन. कॉलेजानं दिला त्यात फेडोरा. तालुक्याच्या दुकानदारानं दिला त्यात आर्च.”

“आणि तुम्ही बदललं नाहीत?”

“चालत होतं की.”

ती हसली. त्या हसण्याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

मी शिदू. नागझरीच्या मठाची कोठी सांभाळतो, दोन वेळचा स्वयंपाक करतो आणि न विचारता मत देतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते; त्यातलं मला एवढंच कळलं की पीठ एकच, पण डेबियन, फेडोरा, आर्च अशी प्रत्येक घरची भाकरी वेगळी. एका घरची पद्धत दुसऱ्या घरात चालत नाही.

बुवा मठात येण्याआधी वायरलेस खात्यात होते. तेव्हा त्यांच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. एकोणऐंशी साली ते खालच्या बोरखडे गावात पहाटे दारोदार जाऊन बसत आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेप करत. तीनशे बारा ओव्या. त्या सगळ्या आता एका डिस्कवर आल्या होत्या.

पण कुणाचंच नाव नव्हतं. पडद्यावर नुसतं ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ आणि पुढं कलाकाराच्या रकान्यात ‘अनोळखी’.

बुवांचा दोष नव्हता. त्या काळी बाई स्वतःचं नाव सांगायची नाही. विचारलं की पदर तोंडाला लावून म्हणायची, “लिवा की, बाळूच्या आयनं म्हटलं.” गावात बाळू नऊ.

त्या गाणाऱ्या बायकांपैकी आता एकच उरली होती. हौसाबाई. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी अधू, पण कान असा की आवाज ऐकला की माणूस सांगेल. आणि तिचा मुलगा तिला शनिवारी सकाळी सुरतेला घेऊन जाणार होता. कायमची.

आज मंगळवार होता.

त्या तीनशे बारांत माझी आई होती. मी दीड वर्षाचा असताना ती तापानं गेली. फोटो नाही, काही नाही. बुवा म्हणतात, “तिचा आवाज आहे यात, पण कुठला ते मला आता सांगता येत नाही.” मी कितीदा तरी सगळ्या ओव्या ऐकल्यात. प्रत्येक बाई मला आईच वाटते. त्याचा काय उपयोग?

म्हणून बुवांनी स्नेहलला पुण्याहून बोलावलं होतं. गाण्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावायचं सॉफ्टवेअर असतं, त्याला टॅग लावणं म्हणतात. ते बसवून द्यायचं. तिला शिकायचंही होतं बुवांकडून काहीतरी, ध्यान की काय. पत्रात तसं लिहिलं होतं.

“एक कॉम्प्युटर बुवांच्या खोलीत, एक सभामंडपात, एक गावच्या वाचनालयात,” ती बोटं मोजत म्हणाली. “तिन्हीवर एकच सॉफ्टवेअर, एकच आवृत्ती, तीही सगळ्यात नवी. मग काम सुरू. काम करायचं तर शिस्तीत.”

“हौसाबाई शनिवारी जाते,” मी म्हणालो.

“अहो, उद्या संध्याकाळी तयार होईल सगळं. दहा वर्षं हेच करते मी.”

बुवांनी सोललेल्या शेंगांची वाटी तिच्यापुढे सरकवली...

ती म्हणाली, “नंतर.”

बुधवारी हौसाबाई नातसुनेचा हात धरून चढ चढून आली. ओसरीत बसली. दुपारी जेवली. पुन्हा बसली.

“झालं का गं पोरी?”

“आज्जी, थोडंच राहिलंय.”

थोडंच म्हणजे काय, ते मी चहा देता देता ऐकत होतो. फेडोरावर एका ओळीचा हुकूम टाइप केला आणि सॉफ्टवेअर बसलं, पण तिन्ही सारखे होईपर्यंत ती ओव्यांना हात लावेना. डेबियनवरही एका ओळीत झालं असतं, पण तिथं मिळत होती ती आवृत्ती जुनी, चार वर्षांपूर्वीची. जुनी तिला चालेना. मग तिनं नवी मुळापासून बांधायला घेतली. त्याला एक तुकडा कमी पडला. तो आणला, तर त्याला आणखी दोन लागले.

“हे बुजुर्ग लोकांचं लिनक्स आहे,” ती वैतागून म्हणाली.

“मग आम्हाला शोभतं,” बुवा म्हणाले.

संध्याकाळी हौसाबाई उठली. “उद्या येते,” म्हणाली आणि उतरली.

गुरुवारी स्नेहलनं वेगळीच शक्कल काढली. सॉफ्टवेअरला म्हणे आवाजावरून गाणं ओळखता येतं, इंटरनेटवर ताडून बघतं. तिनं पाच ओव्या त्याला ऐकवल्या. चारांपुढे त्यानं हात टेकले. पाचवीला, जात्याची घरघर ऐकून, कुठल्याशा परदेशी बॅंडचं नाव सुचवलं.

मी हसलो नाही. मला रडूच यायला लागलं होतं.

“बाई,” मी म्हणालो, “ती म्हातारी बाहेर बसलीय. तिला इंटरनेट लागत नाही.”

“शिदूकाका, मला माझं काम करू द्या.”

माझं डोकंच फिरलं. बुवांकडे गेलो. “तुम्ही तिला काही सांगत का नाही?”

“विचारलं नाही तिनं.”

“अहो, पण शनिवार—”

“माहीत आहे मला शनिवार.” बुवांचा आवाज जरा चढला. मग खाली आला. “शिदू, तुझ्याइतकीच मलाही घाई आहे रे. पण ओढून आणलेलं माणूस पाटावर बसतं, कामात बसत नाही.”

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

शुक्रवारी सकाळी वाचनालयाचा कॉम्प्युटर, तो आर्चवाला, तिनं मठात मागवून घेतला. त्याच्यावर नवं सॉफ्टवेअर घालताना घाईत बाकीचं सगळं अर्धंच अद्ययावत केलं. तसं करू नये, हे तिनंच नंतर कबूल केलं. पुन्हा चालू केला तर पडदा काळा.

तिनं त्याचं बटण चारदा दाबून पाहिलं. मग एकदम उठली आणि बुवांच्या समोर आली. डोळे तांबारलेले.

“बुवा, आता एकच मार्ग. तिन्ही पुसायचे. तिन्हीवर नव्यानं एकच लिनक्स घालायचं. उद्या संध्याकाळपर्यंत सगळं सारखं होईल, शब्द देते.”

“हौसाबाईची गाडी उद्या सकाळी आठची आहे.”

ती दाराच्या चौकटीला टेकली.

बाहेर हौसाबाई नातसुनेला सांगत होती, सुरतेला तिसऱ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे म्हणे. सगळं ऐकू येत होतं.

“मग मी काय करू?” स्नेहल म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिनं सल्ला विचारला होता.

बुवा उठले. सभामंडपात जाऊन फेडोरावाल्या कॉम्प्युटरातून डिस्कची तार काढली. आपल्या खोलीत गेले आणि ती डेबियनवाल्या जुनाट डब्याला लावली. आम्ही मागोमाग.

“याच्यावर त्याच्याच घरचं, जुनं सॉफ्टवेअर घाल.”

“पण ते चार वर्षं जुनं आहे, बुवा!”

“त्यात कलाकाराचा रकाना आहे?”

“...आहे.”

“त्यात लिहिता येतं?”

“येतं.”

“किती वेळ?”

तिनं एक ओळ लिहिली. मी ओट्यावरचं दूध उतरवून येईपर्यंत सॉफ्टवेअर उघडलेलं होतं.

बुवांनी हौसाबाईला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. पहिली ओवी लागली. म्हातारीनं मान वाकडी केली. दोन श्वासही झाले नसतील.

“चंद्राबाई. वरल्या आळीची. दात पुढं व्हते तिचे, म्हणून ‘स’ असा निघतो बघा.”

स्नेहलनं ‘चंद्राबाई’ लिहिलं. जतन केलं. आणि हात थांबला. “पण सभामंडपात नवी आवृत्ती आहे. वाचनालयातली तर...”

बुवांनी तार उपटली. डिस्क तिच्या हातात दिली आणि सभामंडपाकडे बोट केलं.

ती गेली. फेडोराला डिस्क लावली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. पडद्यावर दिसलं: चंद्राबाई.

“हे इथं कसं आलं?” बुवांनी दारातून विचारलं.

“टॅग गाण्याच्या फाइलीतच लिहिला जातो,” ती हळू आवाजात म्हणाली. “कॉम्प्युटरमध्ये नाही. डेबियन असो, फेडोरा असो, जुनं असो, नवं... नाव गाण्याबरोबर जातं.”

“हे तुला आज कळलं?”

“नाही.” तिनं मान खाली घातली. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

बुवांनी पुढची ओवी लावायची खूण केली. तिची चूक दाखवून तोंड गोड करून घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही. माझा आहे, पण मी जाऊन हौसाबाईला सभामंडपात आणलं.

मग जे सुरू झालं, ते काय सांगू! दुपारी बाराला बसलो ते दिवेलागणीपर्यंत. कुणी जेवायचं नाव काढेना, आणि मी कोठीवाला असून मलाही आठवण नाही. ओवी लागायची, हौसाबाई नाव सांगायची, स्नेहल लिहायची. काशीबाई. तुळसा. धोंडाबाई, ‘तिचा नवरा लई गुणी, तिच्यासाठी पाणी भरायचा.’ ठकूबाई. आन्साबाई. मधूनच म्हातारी हसायची, मधूनच एखाद्या आवाजाला हात जोडायची. स्नेहलनं एकदाही घड्याळ पाहिलं नाही. एकदा मात्र तिनं स्वतःहून शेंगांची वाटी ओढून घेतली आणि हौसाबाईच्या हातात दाणे दिले.

दोनशे नव्वद झाल्या. माझी आई आली नव्हती.

दोनशे अठ्ठ्याण्णव. मी खुर्ची आणखी पुढं ओढली.

तीनशे तीनवी लागली. जातं हळू फिरत होतं. बारीक, जरा बसलेला आवाज. मागं एक पोर किरकिरत होतं. मी ही ओवी पूर्वी शंभरदा ऐकली असेल आणि त्या किरकिरीपायी पुढं ढकलली असेल.

हौसाबाईनं मान वाकडी केली नाही. ती एकदम माझ्याकडे वळली, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी.

“शिदू... ही तुझी आय रं. साळू.”

मी पडद्याजवळ सरकलो.

“आन् ते रडतंय ना, ते तूच. पायावर घेऊन दळायची तुला. लई किरकिरा व्हतास.”

स्नेहलनं पुन्हा सुरुवातीपासून लावली. आईनं माझ्या मामाचं नाव घेतलं होतं ओवीत, त्याच्या बैलांचं कौतुक केलं होतं. मधे थांबून, जातं न थांबवता, ती पोराला म्हणाली, “उगी, उगी.” आणि पुन्हा गाऊ लागली. मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. फार फार बरं वाटलं.

“काय लिहू?” स्नेहलनं डोळे पुसत विचारलं.

“शिदूची आय लिव,” हौसाबाई म्हणाली. “तिनं तसंच सांगितलं असतं.”

मी बुवांकडे बघितलं. बुवांनी माझ्याकडेच बोट केलं.

“साळूबाई,” मी म्हणालो.

शनिवारी सकाळी आठच्या गाडीत आम्ही हौसाबाईला बसवून दिलं. स्नेहलनं तिच्या मुलाच्या फोनमध्ये तीनशे बाराही ओव्या घालून दिल्या होत्या. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून जात्याची घरघर ऐकू येत होती आणि मुलगा म्हणत होता, “आये, जरा हळू कर की.”

परत येऊन स्नेहल पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. यादी वरून खाली बघत गेली.

“बुवा...”

“हं.”

“अकरा आवाज हौसाबाईंनाही ओळखता आले नाहीत. परगावाहून सणाला आलेल्या बायका असतील म्हणाल्या. आता ओळखणारं कुणीच नाही.”

बुवा ऐकत होते.

“त्या अकरांचं काय करू? सॉफ्टवेअर म्हणतंय, ‘अनोळखी’ लिहा. की रकाना रिकामा ठेवू? की पुसून टाकू?”

खाली पायवाटेवरून आठवडी बाजाराला निघालेल्या बायकांचे आवाज येत होते. चार गावच्या बायका, त्यांत म्हाताऱ्याही, पाट्या डोक्यावर...

बुवा म्हणाले, “दार उघड. आणि आवाज मोठा कर.”