तंगाची खिंड

समोर जी दोन काळ्या कातळांमधली फट दिसते ना पाहुणे, तिला तंगाची खिंड म्हणतात. घोड्यावर खोगीर घट्ट बसावं म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात, तो तंग. आता इकडं घोडी राहिलीत किती? पण आमच्या दावणवाडीचा माणूस मोटारसायकलवर असला तरी इथं थांबतो, उतरतो, दोन पावलं चालतो आणि मग पुढं जातो. हे कुठून आलं, त्याची गोष्ट अशी सांगतात.

वरच्या पठारावर तेव्हा एक गढी होती. मानाजीराव तिचे गढकरी. त्यांच्या पदरी गोंदजी नावाचा शाहीर होता. त्याचा आवाज असा, की डफावर थाप पडली की म्हाताऱ्यांच्या अंगावरही काटा यायचा. त्याचा सगळ्यांत गाजलेला पोवाडा एका स्वाराचा होता. हाच घाट उतरून निरोप घेऊन गेलेल्या स्वाराचा.

‘तंग कसला एका हिसड्यात, टांग मारली क्षणात जी,
भरधाव घाट उतरला, जशी वीज उतरते रानात जी!’

खाली नदीकाठच्या आपल्या फौजेच्या छावणीतसुद्धा हा पोवाडा लोकांना पाठ होता. एकाच माणसाला तो आवडायचा नाही. पागेतली ठकूबाई. तिचा नवरा मोतद्दार होता. तो गेल्यावर घोड्यांचं सगळं तीच बघायची. पोवाडा सुरू झाला की ती उठून जायची. गोंदजीला ते लागायचं, पण कारण विचारायची त्याला कधी छाती झाली नाही.

एका उन्हाळ्यात गनिमानं गढीला वेढा घातला. टाक्यात तीन दिवसांचं पाणी उरलं. दोन स्वार पडले, उरलेले दोघे जखमी. छावणीतून कुमक मागवायची, तर मागच्या घोडेवाटेवर गनिमाची गस्त होती; कागद सापडला तर सगळंच संपलं. तोंडी निरोप न्यायचा, तर छावणीनं ओळखावा असा माणूस हवा.

मानाजीरावांची नजर फिरत फिरत गोंदजीवर थांबली.

“शाहीर, तुम्हाला छावणीत कोण ओळखत नाही? आणि हा घाट तुमच्याइतका कुणी गायलाय? भर दुपारी गस्त सावलीला बसते, तेव्हा निघा.”

गोंदजी जन्मात घोड्यावर बसला नव्हता. पण सगळी गढी त्याच्याकडं आशेनं बघत होती. त्याच्या तोंडून “जी” एवढंच निघालं.

पागेत ठकूबाईनं पाखरी नावाची घोडी काढली होती. गोंदजीनं खोगीर उलटं उचललेलं तिनं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

“बाई, मला येत नाही,” तो हळूच म्हणाला.

“ते पोवाडा ऐकला तेव्हाच कळलं होतं,” ठकूबाई म्हणाली. “आता नीट ऐका. तंग आवळताना घोडी पोट फुगवते. एका हिसड्यात कसला, तर ती श्वास सोडते आणि तंग ढिला पडतो. म्हणून खिंडीपाशी उतरायचं. दोन पावलं चालवायची, परत कसायचा. दोन बोटं जेमतेम जातील एवढा. आणि खिंड चालत उतरायची, घोडी हातात धरून.”

“मागं गनीम लागला तर?”

“तरीसुद्धा.”

भर उन्हात मागचं दार उघडलं. पहिला अर्धा कोस गोंदजीनं दोन्ही हातांनी आयाळ धरून काढला. मांड्या सोलून निघाल्या, दात दातांवर आपटत होते. खिंड दिसू लागली तोच मागून आरोळी आली. गस्तीतल्या दोघांनी त्याला पाहिलं होतं.

आता उतरायचं? मागं गनीम असताना? गोंदजीच्या डोळ्यांपुढं त्याचाच स्वार आला, न थांबणारा. त्यानं टाच मारली.

खिंडीच्या तोंडाशी वाट वळली आणि खोगीर गरकन फिरलं. गोंदजी उजव्या हातावर कातळावर आदळला. पाऊल रिकिबीत अडकलेलं, खोगीर घोडीच्या पोटाखाली. अशा वेळी घोडं बिथरतं, माणसाला फरफटत नेतं. पण पाखरी उभी राहिली. तिचं अंग थरथरत होतं, नाकपुड्या फुलल्या होत्या, तरी पाऊल हललं नाही. ठकूबाईनं गढीवरून देवीला हात जोडले ते याच घटकेला, असं म्हणतात.

गोंदजीनं पाऊल सोडवलं. उजवं मनगट मोडलं होतं. टापा जवळ येत होत्या. त्यानं डाव्या हातानं खोगीर वर घेतलं, तंगाचं टोक दातांत धरलं आणि ओढलं. हिरड्यांतून रक्त आलं. आता बसावं, पळावं, असं शरीराचा कण न् कण सांगत होता. टापांची धूळ दिसू लागली होती. तरी त्यानं घोडी दोन पावलं चालवली. तिनं श्वास सोडला. त्यानं परत तंग कसला आणि दोन बोटं घालून पाहिली.

मग लगाम धरून तो खिंडीत शिरला, घोडी मागं, आपण पुढं.

गनिमाचे स्वार घोड्यावरूनच खिंडीत घुसले. पहिल्याचं घोडं मुरमावर घसरून आडवं पडलं आणि अरुंद वाट बंद झाली. खाली सपाटीला गोंदजी पुन्हा चढला. या वेळी खोगीर हललं नाही. दिवे लागायच्या आत तो छावणीत पोचला आणि तिसऱ्या दिवशी वेढा उठला.

त्याचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. पुढं तो डाव्या हातानं डफ वाजवायचा, आणि ती पूर्वीची थाप पुन्हा कुणी ऐकली नाही. विजयाच्या दरबारात त्यानं पोवाडा नव्यानं म्हटला. खिंड आली तसा तो थांबला. डफ खाली ठेवला, पाखरीला मागवलं आणि सगळ्यांदेखत तिचा तंग कसला, चालवली, परत कसला. दरबार चुळबुळला. पण ठकूबाई त्या दिवशी उठून गेली नव्हती. ती पुढं आली, तंगाखाली दोन बोटं घातली आणि म्हणाली, “हं. आता म्हणा पुढं.”

आजही चैत्रातल्या जत्रेला पोवाडा या खिंडीपाशी आला की डफ थांबतो. शाहिराला खाली उतरून घोडीचा तंग कसावा लागतो, आणि ठकूबाईच्या घरातली थोरली बाई बोटं घालून बघते. मागं एकदा लांबून एक नावाजलेला शाहीर आला होता. त्याला तिनं दोनदा तंग सोडायला लावला. हजार माणूस उन्हात गप्प उभं होतं. तिसऱ्यांदा तिची मान हलली, तेव्हा कुठं पोवाड्यातला स्वार घाट उतरला.