बुधीबायची शंका

फार वर्षांपूर्वी, खाडी गावाच्या आणखी जवळ होती आणि तिवराच्या झाडांतून होड्या थेट घरांच्या मागे लागत, तेव्हा तिवरखारात बुधीबाय नावाची बाई राहत होती. तिचं काम बांधावर फिरण्याचं. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा जो लांबच लांब बांध घातलेला असतो, त्यावरून ती अनवाणी चालायची. खेकडे त्या बांधात बिळं करतात. बिळातून पाणी पाझरतं. ते आज थेंबभर असतं, पण लवकर बुजवलं नाही तर बांधाला खांड पडते आणि गाव जातं.

गाव विसाजी खोताचं होतं. जमीन त्याची, मिठागरं त्याची. या खोताला मोठ्या आकड्यांचा नाद होता. कुठल्याशा शास्त्र्याकडून त्याने नावं पाठ केली होती. लक्ष, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. जेवताना म्हणायचा, पाहुण्यांना ऐकवायचा. बांधालगतच्या शेताला त्याने निखर्व नाव दिलं आणि मिठाच्या सगळ्यात मोठ्या राशीला परार्ध. त्या राशीत खरंच परार्ध दाणे होते का, हे कुणी विचारलं नाही. खोताला कोण विचारणार?

बुधीबायची नावं वेगळी होती. ती एकाच्या खाली उतरायची. हाताची मूठ जाईल एवढं भोक म्हणजे मूठ. त्याचा दहावा हिस्सा बोट. बोटाचा दहावा तीळ, तिळाचा दहावा राई, राईचा दहावा खसखस, खसखशीचा दहावा केस. केसाच्या खाली वास, म्हणजे पाणी दिसत नाही, नुसता खारट वास येतो. आणि सगळ्यांच्या तळाशी शंका. शंका दिसत नाही, तिला वासही नाही, फक्त अनवाणी पायाला तेवढी जागा जरा गार लागते. शंकेच्या खाली आकडाच नाही, असं ती म्हणायची. असं म्हणतात की तिच्या पायाला शंका कळली नाही असं कधी झालं नाही.

एका वर्षी आषाढाच्या तोंडावर खोताने धक्का बांधायला काढला. मोठी गलबतं आपल्या दारात लागावीत अशी त्याची हौस. गावातला प्रत्येक धडधाकट माणूस त्याने दगड वाहायला लावला. बांधावर माती टाकायला कुणी उरलं नाही. त्याच दिवसांत निखर्वाच्या कडेला बुधीबायच्या पायाला गार लागलं. तिने एकटीने चिखल लावला. पण शंकेचा वास झाला, वासाचा केस झाला. ती खोताकडे गेली.

"धनी, निखर्वाजवळ काल खसखस होती, आज राई आहे. चार माणसं द्या."

खोत ओसरीवर पान खात बसला होता. "राई?" तो म्हणाला. "बुधे, मी परार्धात मोजतो आणि तू मला राई सांगायला आलीस? एकाच्या खाली काय असतं?"

"एकाच्या खाली पाणी असतं, धनी."

खोत हसला. तो हसला याचं मला नवल नाही. पण धक्क्यावरचे लोक हसले. ज्यांची घरं निखर्वाच्या खालच्या अंगाला होती, ज्यांची पोरं तिथे अंगणात खेळत होती, ते डोक्यावरचे दगड सावरत हसले. धनी हसला की हसायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

राईचा तीळ झाला. तिळाचं बोट झालं. अमावास्येचं उधाण आलं ते भर दुपारी. बुधीबाय बांधावर उभी राहून ओरडू लागली. "मूठ झाली! मूठ झाली!" असं म्हणतात की तिचा आवाज खाडी ओलांडून पलीकडच्या गावात गेला आणि तिथली माणसं दारात आली. आपल्या गावात ज्यांनी ऐकलं ते टेकडीकडे पळाले. धक्क्यावरच्यांनाही ऐकू गेलं, पण खोताचा मुकादम काठी आडवी धरून उभा होता. काम टाकून कुणी हलायचं नाही, असा हुकूम होता. त्यांना घराकडे पळता आलं नाही.

मग खांड पडली. बुधीबाय त्या खांडीत उतरली. असं म्हणतात की पाणी तिच्या छातीला लागलं आणि थांबलं. मागे समुद्र उभाच्या उभा राहिला, गढूळ भिंतीसारखा, आणि खालच्या आळीतली बायामाणसं, गुरंढोरं टेकडी चढत राहिली. पण बाईच्या छातीला काही बांध म्हणत नाहीत. शेवटी पाणी शिरलं. जी चढत होती त्यातली सगळी वर पोहोचली नाहीत.

लोक म्हणतात, समुद्राने गाव बुडवलं. आम्ही तसं म्हणत नाही. समुद्र त्याच्या वेळेला आला होता.

पाणी ओसरल्यावर दरबारातून कारभारी चौकशीला आला. खोताने त्याला ओसरीवर बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं, "नुकसान नगण्य आहे. मीठ सुरक्षित आहे."

नगण्य! म्हणजे मोजायच्याही लायकीचं नाही.

अंगणात बुधीबाय उभी होती. अंगावर चिखल वाळलेला, केसांत तिवराचा पाला. ती तळापासून मोजू लागली. "शंका, वास, केस, खसखस, राई, तीळ, बोट, मूठ." मग थांबली. "एक. पोशाची बायको चांगुणा." पुन्हा म्हणाली, "एक. चांगुणेच्या कडेवरची पोर." पुन्हा, "एक. आंधळा हासूराम."

कारभारी वैतागला. "बाई, दोन म्हण, तीन म्हण. नीट मोज की."

"दोन कुणाला म्हणू?" तिने विचारलं. "दोन नावाचं कोण मेलं?"

ती एक, एक म्हणत राहिली. असं म्हणतात की दर नावासरशी परार्धाची रास वितळत गेली. वर ऊन होतं, पावसाचा थेंब नव्हता, तरी वितळली, आणि शेवटचं नाव झालं तेव्हा तिथे पांढरा ओला डाग तेवढा होता.

अशा गोष्टीत पुढे खोताला शासन व्हायला हवं. झालं नाही. तो म्हातारा होऊन गादीवर मेला, आणि मरेपर्यंत एवढ्याशा भोकाने बांध फुटत नसतो असंच सांगत राहिला. त्याचा धक्का मात्र कुणी पुरा केला नाही. लोकांनी ते दगड उचलले आणि खांडीत टाकले. कुणी हुकूम दिला नव्हता. बुधीबाय त्यांच्या पुढे चालत बांधावर गेली. ती परत आली की नाही याबद्दल एकमत नाही. काही म्हणतात, ती अजून चालतेच आहे.

आजही आषाढाच्या उधाणाआधी तिवरखारातली लहानथोर माणसं अनवाणी बांधावरून चालतात. पुढे म्हाताऱ्या बाया असतात. ज्याच्या पायाला गार लागेल त्याने थांबायचं आणि "शंका" म्हणायचं. पाच वर्षांचं पोर म्हणालं तरी कुणी हसायचं नाही. सगळ्यांनी तिथे चिखल लावायचा, मगच पुढचं पाऊल.

आणि गावात माणसं किती, असं कुणी अधिकारी विचारायला आला, तर त्याला आधी खाली बसवतात, पाणी देतात. मग गावातलं सगळ्यात वयस्कर माणूस सुरू करतं. एक, आणि नाव. एक, आणि नाव. वेळ लागतो. साहेब घड्याळ बघतात. बघू देत.