दाबलेलं गाठोडं

“…म्हणजे अकराव्या पोथीनंतर काहीच उघडत नाही?” शंभूपुरी बाबांनी विचारलं.

“काहीच नाही, बाबा. फाइल खराब आहे म्हणतो कॉम्प्युटर.” त्यांचा शिष्य हेरंब पडद्याकडे बघत म्हणाला.

मठातल्या सहाशे चाळीस पोथ्या त्याने तीन वर्षं बसून टाइप केल्या होत्या. जीर्ण पोथ्यांचं रीतीप्रमाणे नदीत विसर्जनही झालं होतं. आता त्या फक्त त्याच्या पेनड्राइव्हमध्ये होत्या. म्हणजे, असायला हव्या होत्या.

“काय केलंस तू?”

“टार केलं, मग जीझिप केलं. सगळे तसंच करतात.”

लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली म्हणजे हेरंबच्या हातचा मळ. एवढा घाबरला होता, तरी आवाजातली ऐट काही गेली नव्हती.

“टार आणि जीझिप एकच का रे?”

“एकच म्हणायचं… टारने सगळ्या फायली एका गाठोड्यात बांधायच्या. आकार तेवढाच राहतो. मग जीझिपने ते गाठोडं दाबायचं. पाचपट लहान झालं, बाबा! म्हणून मूळच्या फायली पुसून टाकल्या. जागा अडत होती ना.”

बाबा उठले.

आत जाऊन भजनाच्या दोन वह्या घेऊन आले. एक त्यांची, जाडजूड. नामाचे तेच ते चरण प्रत्येक भजनात पुन्हा पूर्ण लिहिलेले. दुसरी हेरंबने तिच्यावरून उतरवलेली, अगदी पातळ. चरण एकदाच, पहिल्या पानावर. पुढे सगळीकडे ‘मागीलप्रमाणे’. कागद वाचवल्याचं त्याला कोण कौतुक होतं!

बाबांनी जाड वहीचं पहिलं पान फाडलं आणि धुनीत टाकलं.

“बाबा!”

“दुसरं भजन म्हण.”

हेरंबने म्हटलं. कुठे अडलं नाही.

बाबांनी पातळ वहीचंही पहिलं पान फाडलं. तेही धुनीत गेलं.

“आता यातलं म्हण.”

मागीलप्रमाणे. पान उलटलं. मागीलप्रमाणे. आणखी एक उलटलं…

हेरंबने वही मिटली.

“दाबलेल्या गाठोड्याचंही असंच झालंय. एका जागी बिघडलं आणि पुढच्या सहाशे एकोणतीस पोथ्या गेल्या, बाबा… मला फार भीती वाटते.”

बाबांनी झोळीतून दुसरा पेनड्राइव्ह काढला.

“गाठोडं बांधलंस त्या दिवशी तुझ्याकडूनच त्याची प्रत यात मागून घेतली होती, विसरलास? दाबायच्या आधी. पण मध्यंतरी झोळी भिजली. बघ, काय राहिलंय.”

हेरंबने तो कॉम्प्युटरला लावला.

बारावी पोथी उघडली. पन्नासावी उघडली. शंभरावी उघडली.

एकशे चौथी उघडली. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं. एक शब्द लागेना.

“कोणती गेली?” बाबांनी विचारलं.

हेरंबने पोथीचं नाव दोनदा वाचलं.

“तुमच्या गुरूंनी… स्वतःच्या हाताने लिहिलेली.”

धुनीतलं लाकूड तडकलं. बाबांनी डोळे मिटले. आता शाप येणार, या भीतीने हेरंबने मान खाली घातली…

“एकशे पाचवी वाच,” बाबा म्हणाले.

हेरंबने ती उघडून वाचली; कुठे अडलं नाही.