झारकेट म्हणजे काय

“मग सर, क्लास माझ्या हाती कधी देताय?”

सलीलने पेढ्यांचा पुडा ठेवता ठेवताच विचारलं. धड बसलाही नव्हता अजून.

जठार सर इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सांगलीतल्या आपल्या ओसरीवर दर रविवारी मुलांना स्क्रॅबल शिकवायचे. हात थरथरू लागल्यापासून म्हणत, “जो लायक निघेल, त्याला ही अक्षरांच्या सोंगट्यांची पिशवी देईन. क्लास त्याचा.”

सरांचा नियम एकच. शब्द लावला की अर्थ सांगायचा. नाही आला, तर सोंगट्या मुकाट उचलायच्या. क्रूथ म्हणजे तारांचं एक जुनं वाद्य. झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी पाट्या तोडायचं हत्यार.

सलीलला हा सगळा म्हातारचळ वाटे. स्पर्धेत अर्थ विचारतोय कोण? शब्द कोशात असला म्हणजे झालं. आणि नसला, तरी समोरच्याने हरकत घेतली नाही की तोही खपतो. हरकत चुकली तर घेणाऱ्याचीच पाळी जाते, म्हणून भलेभले गप्प बसतात.

परवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर खुद्द सरच होते. शेवटच्या खेळीला सलीलने एक शब्द मांडला. झारकेट. सरांनी पटाकडे पाहिलं, सलीलकडे पाहिलं... आणि हरकत घेतली नाही. चषक सलीलच्या घरी गेला.

आता सरांनी पिशवी उघडली. सलीलचा हात पुढे झालाच होता.

सरांनी आतून सहा सोंगट्या वेचल्या आणि पटावर मांडल्या.

“झारकेट. अर्थ सांग.”

“आता कशाला सर ते...”

“नियम माहीत आहे ना?”

सलीलला नियम चांगलाच माहीत होता. पण पठ्ठ्या कसला कबूल होतोय!

“मासा आहे सर. उत्तरेकडच्या समुद्रातला.”

“काटे असतात त्याला?”

“अं... असतात.”

“मग गिळताना जपावं लागत असेल.”

“हो सर.”

याच ओसरीवर सरांनी त्याला पैशाचं नाव न काढता शिकवलं होतं. उशीर झाला की जेवू घालूनच घरी धाडत. सलीलला एकदम स्वतःची शिसारी आली.

“नाही सर. असा शब्दच नाही. मी ठोकून दिला.”

“ठाऊक आहे.”

“कधी कळलं?”

“तू मांडलास तेव्हाच. खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. आठवीत होतास तेव्हापासून.”

सलीलचा हात आपसूक कानाकडे गेला. मग तो चिडलाच.

“मग हरकत का नाही घेतलीत? चषक तुमचा होता सर! सगळ्यांसमोर माझं नाक कापायचं होतंत!”

सरांनी सोंगट्या एकेक करून पिशवीत टाकल्या. नाडी आवळली. पिशवी स्वतःच्या मांडीवर ठेवली, आणि पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे परत सरकवला.

“हरकत घेतली असती बाळा... तर पटावरून नुसता शब्द उचलला गेला असता. तुझ्यातलं खोटं नाही.”